गव्हाणीपुढची वीणा

नाताळच्या गीताला इंग्रजीत कॅरोल म्हणतात, पण हा शब्द मुळात नाचाचा आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये हातात हात गुंफून फेर धरायचा, एकाने कडवे म्हणायचे आणि बाकीच्यांनी पालुपद उचलायचे, अशा खेळाला ‘कारोल’ म्हणत. भोंडल्याचा फेर ज्याने पाहिला आहे त्याला या रचनेची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पालुपद सर्वांचे आणि कडवे एकाचे, हा नियम पुढे नाच सुटला तरी गाण्यात टिकून राहिला. अशा गीतांच्या जुन्या चाली अलीकडे केल्टिक हार्पच्या वृंदासाठी पुन्हा बांधल्या जातात, आणि मूळची समूहगायनाची वस्तू केवळ तारांवर वाजवली तर तिचे काय उरते, हा वाद त्यातूनच निघतो.

केल्टिक हे विशेषण आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत येथील जुन्या भाषांच्या कुळावरून आले आहे. या प्रदेशांत वाढलेला हार्प तिकोनी चौकटीचा असतो. वादक बसून तो उजव्या खांद्याला टेकवतो आणि करंगळ्या वगळून दोन्ही हातांच्या चार-चार बोटांनी तारा छेडतो. तारा साधारणपणे बावीस ते अडतीस असतात, आणि एका सप्तकाला सातच तारा येतात. अर्धस्वर मिळवण्यासाठी प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी एक छोटी कळ असते. ती चढवली की तार किंचित आखूड होऊन अर्धा स्वर वर जाते. पाश्चात्य वाद्यवृंदातला मोठा हार्प वेगळा असतो. त्याला सत्तेचाळीस तारा आणि सात पेडल असतात, आणि एक पेडल दाबले की त्या नावाचा स्वर सर्व सप्तकांत एकाच वेळी बदलतो. सेबास्तियां एरार याने १८१० साली त्याची जी यंत्रणा सिद्ध केली तीच आजही वापरात आहे. केल्टिक हार्पची कळ मात्र एका तारेपुरतीच असते, आणि पुढच्या चर्चेत या भेदाला महत्त्व आहे.

येथे दिलेला संवाद कल्पित आहे. त्यातील ग्रंथ, वाद्ये आणि वर्षे खरी आहेत. त्याचे स्थळ आंबिवली मानले आहे. कल्याणच्या पुढे, शहाड आणि टिटवाळा यांच्या मधल्या या गावाला शेजारच्या मोहोने येथील नॅशनल रेयॉनच्या कारखान्याने ओळख दिली, आणि २००९ साली तो कारखाना बंद पडला. कृत्रिम धाग्यावर पोसलेल्या गावात नायलॉनच्या तारांच्या वाद्याची चर्चा व्हावी, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. कल्याण-अंबरनाथच्या या पट्ट्यात ख्रिस्ती उपासना एका भाषेत बांधलेली नाही. १९८८ साली कल्याणला सिरो-मलबार पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, यावरून येथील मल्याळी ख्रिस्ती वस्तीचा अंदाज येतो, आणि तिच्या जोडीला मराठी, कोंकणी व तमिळ बोलणारी कुटुंबेही आहेत. संवादातील मास्तर हे मराठी उपासनेचा गायनवृंद वर्षानुवर्षे चालवलेले निवृत्त शिक्षक आहेत. बाई शास्त्रीय गायन शिकवतात, स्वरमंडळ जुळवण्यात त्यांचा हात बसलेला आहे, आणि हार्पवृंदासाठी कॅरोल बसवावेत असे त्यांचे मत आहे.

मास्तर : बाई, नाताळचे गीत म्हणजे आधी वार्ता आहे आणि मग चाल. फ्रान्सिस आसिसीकर याने १२२३ साली ग्रेचो गावी गव्हाणीचा देखावा मांडला तो अशासाठी की लॅटिन न कळणाऱ्या शेतकऱ्याला जन्माची गोष्ट डोळ्यांनी दिसावी. त्याच्या अनुयायांनी बोलीभाषेत गीते रचली ती कानांनी कळावी म्हणून. त्याच संघाचे चार साधू १३२१ साली आपल्या ठाण्यात मारले गेले, म्हणजे हा विचार या भूमीला पोर्तुगीजांच्या आधीपासून माहीत आहे. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले आणि १६१६ साली ते राचोल येथे छापले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत आणले. या सर्वांची धडपड शब्दासाठी होती. हार्पला शब्द नाही. दहा हार्प मिळून कितीही गोड वाजले तरी गव्हाणीत कोण जन्मले हे त्यातून कळायचे नाही.

बाई : मास्तर, स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, त्यांना इंग्रजी आणि लॅटिन छंद येत होते. तरी त्यांनी ओवी निवडली, याचे कारण ओवीची चाल लोकांच्या कानात आधीपासून होती. शब्द नवे होते, पण चाल जात्यावरची आणि पोथीची होती, म्हणून ते शब्द घरात शिरले. उलट दिशेनेही असे घडते. ज्या आनंदी नाताळगीतात घर हिरव्या फांद्यांनी सजवण्याची हाक आहे आणि जे आज जगभर डिसेंबरात वाजते, त्याची चाल वेल्समधली, ‘नोस गालान’ नावाची, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीची आहे. ती एडवर्ड जोन्स या हार्पवादकाच्या संग्रहात १७९४ साली छापली गेली. तिचे आजचे इंग्रजी शब्द टॉमस ऑलिफंट यांनी लिहिले आणि ते १८६२ साली ज्या पुस्तकात आले त्यातली स्वररचना जॉन टॉमस या दुसऱ्या हार्पवादकाची होती. म्हणजे या गीताचे इंग्रजी शब्द पाहुणे आहेत आणि हार्प यजमान आहे.

मास्तर : एका गीतावरून नियम काढू नका. जगात सर्वांत अधिक गायल्या जाणाऱ्या शांत रात्रीच्या गीताचे शब्द योझेफ मोर यांनी १८१६ साली लिहिले, फ्रांझ ग्रुबर यांनी चाल दोन वर्षांनी दिली, आणि १८१८ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे ते दोन आवाज आणि एक गिटार यांवर प्रथम गायले गेले. गिटारचे काम आवाजाला आधार देण्याचे होते.

बाई : आणि ते तारवाद्यच होते.

मास्तर : होते, पण ते साथीला होते. शिवाय ते त्या लोकांचे होते. आंबिवलीत हार्प कोणाचा? आपल्या वृंदाला पेटी आहे, तबला आहे, टाळ आहेत, नाताळात घरोघर गात फिरणाऱ्या मुलांकडे गिटार असते. त्यात हे वाद्य परके दिसेल.

बाई : पेटी तरी आपली कुठे होती, मास्तर? हार्मोनियमचे एकाधिकारपत्र पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले गेले. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला मनाई केली होती, कारण तिच्यावर मींड निघत नाही आणि श्रुती ठरीव राहतात. तरीही कीर्तनात आणि भजनात तिच्यावाचून कोणाचे चालत नाही. आणि हार्प तर त्या अर्थाने परका नाहीच. भारहूत, सांची आणि अमरावती येथील शिल्पांतली वीणा धनुष्याकृती आहे, म्हणजे ती जातीने हार्पच आहे. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर राजा मांडीवर जे वाद्य घेऊन बसला आहे तेही तेच. नाट्यशास्त्रातील सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची याच कुळातल्या. शिवाय मराठी बायबलात दावीद जे वाद्य वाजवतो त्याला वीणा असेच म्हटले आहे.

बाईंच्या या युक्तिवादाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण तो वरकरणी दिसतो तितका भक्कम नाही. धनुष्याकृती वीणा भारतात होती हे निर्विवाद आहे; पण पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ती मागे पडली, दांडीची वीणा पुढे आली, आणि नाव तेच राहिले तरी वाद्य बदलले. ब्रह्मदेशातील सौंग आणि मध्य भारतात गोंडांच्या परधान गायकांकडे आढळणारा बिनबाजा ही त्या जुन्या कुळाची आज वाजणारी उदाहरणे आहेत. मराठी उपासनेशी त्यांचा संबंध कधी आला नाही. दावीदचे हिब्रू वाद्य ‘किन्नोर’ तर हार्पही नव्हते आणि वीणाही नव्हती. दोन बाहू आणि त्यांवर आडवी पट्टी असलेले ते लायर या जातीचे वाद्य होते, आणि मराठी भाषांतरकारांनी वाचकाला जवळचा वाटेल असा शब्द योजला. तेव्हा हजार वर्षांपूर्वी मावळलेल्या वाद्याच्या वारशावर आजचा हक्क सांगता येत नाही. मास्तरांची परकेपणाची शंका दूर करण्यासाठी शिल्पांचा पुरावा अपुरा आहे. समाधान मिळायचे तर ते वाद्याच्या रचनेत मिळेल, आणि तेथे बाईंची बाजू खरोखर बळकट होते.

बाई : बरे, इतिहास बाजूला ठेवू. हार्पच्या एका सप्तकात सातच तारा असतात, यावर विचार करा. पियानोला बारा सूर आहेत, पेटीलाही बारा; वादकाला त्यांतून सात निवडावे लागतात. हार्पवर ही निवड वाजवायला बसण्यापूर्वीच झालेली असते. रागाचे स्वर लावून घेतल्यावर स्वरमंडळावर जशी चुकीची तार उरत नाही, तसेच येथे होते. पंडित भातखंडे यांनी थाट म्हणून जे मांडले, म्हणजे सप्तकातील सात स्वरांची एकेक ठरलेली मांडणी, ते हार्पच्या कळांत प्रत्यक्ष दिसते.

मास्तर : थाट दहा आहेत. ते सगळे निघतात?

बाई : पुष्कळ निघतात. हार्प सामान्यपणे काळी दोनच्या बिलावलात लावतात आणि सर्व कळा खाली ठेवतात. एकही कळ न हलवता रिषभाला षड्ज मानले तर काफी मिळतो, पंचमाला मानले तर खमाज आणि धैवताला मानले तर आसावरी. हा आपल्या जुन्या मूर्च्छनेचाच प्रकार झाला, मास्तर : तारा त्याच, आरंभस्थान वेगळे. आता रिषभ, मध्यम आणि धैवत या तीन तारांच्या कळा चढवा आणि निषादाला षड्ज माना. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद असा पुरा भैरव समोर उभा राहतो. आणि जुने कॅरोल याच प्रदेशात फिरतात. ग्रॅटन फ्लड यांनी एनिस्कॉर्थी येथे टिपलेले आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातले कॅरोल कोमल निषादाकडे झुकते, त्याला खमाजाचा गंध आहे. ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ ही इंग्लंडची जुनी चाल, जिच्यावर एकोणिसाव्या शतकात नाताळचे शब्द बसवले गेले, काफीच्या अंगाने चालते. आपल्या विद्यार्थ्याला ही गीते पियानोपेक्षा हार्पवर लवकर कळतील.

मास्तर : येथे तुमचे म्हणणे मान्य. पण मींड? कळेने तार अर्धा स्वर वर जाते, ती सरकत जात नाही. आणि श्रुतीचे काय? तानपुऱ्यातून जो गंधार ऐकू येतो तो हार्पवर कसा लागेल?

बाई : खुल्या तारेवर लागेल, कारण ती हवी तेथे जुळवता येते, कळ चढवल्यावर मात्र ती सोय उरत नाही. मींड निघत नाही हे खरे. म्हणून भैरव थाटाचे स्वर हार्पवर मिळतील, पण आंदोलित रिषभाचा भैरव राग मिळणार नाही. कॅरोलला त्याची गरज नाही. त्याची चाल एका अक्षराला एक स्वर अशी पायरीपायरीने चढते-उतरते.

मास्तर : मग ज्या गीताला सात स्वर पुरत नाहीत त्याचे काय? देवदूतांच्या घोषाचे ते प्रसिद्ध स्तोत्र घ्या. त्याचे मूळ शब्द चार्ल्स वेस्ली यांचे, १७३९ सालचे. चाल मेंडेल्सोनच्या १८४० सालच्या एका समारंभी रचनेतली, छपाईकलेच्या गौरवासाठी लिहिलेली. आणि दोन्हींचे लग्न १८५५ साली विल्यम कमिंग्ज यांनी लावले. त्यात चाल मध्येच पंचमाच्या घरात जाते, तीव्र मध्यम येतो आणि पुन्हा शुद्ध येतो. आपला वृंद ते चार आवाजांत गातो. तुमच्या हार्पवादकाला तेवढ्यासाठी डावा हात तारांवरून उचलून कळेकडे न्यावा लागेल, आणि नेमका तेथेच खर्जाचा आधार तुटेल.

बाई : एकटा वादक असेल तर तसे होईल. वृंदाचा उपयोग तेथेच आहे. प्रत्येक तारेला स्वतःची कळ असल्यामुळे एका सप्तकात मध्यम शुद्ध आणि दुसऱ्यात तीव्र असे आधीच लावून ठेवता येते. वृंदात त्याहून सोपे : दोन हार्पांवर शुद्ध, तिसऱ्यावर तीव्र; ज्याचा स्वर येईल त्याने वाजवायचे, बाकीच्यांनी थांबायचे.

मास्तर : म्हणजे एका माणसाच्या गळ्यातून सहज जाणारी ओळ तीन माणसांत वाटून द्यायची. जुळेल ते, पण त्याला गाणे म्हणवत नाही. बाई, या कामात एक जुना धडा आहे. १७९२ च्या जुलैत बेलफास्टला आयर्लंडचे उरलेसुरले हार्पवादक जमवले होते, तेव्हा एकोणीस वर्षांचा एडवर्ड बंटिंग त्यांच्या चाली टिपायला बसला. तेथे नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्प्सन होता, धातूच्या तारांवर नखांनी वाजवणारा. बंटिंगने त्या चाली पुढे छापल्या त्या पियानोच्या स्वरमेळासह. चाली वाचल्या, वाजवण्याची रीत गेली. आज तुम्ही पियानोच्या स्वरमेळातली स्तोत्रे घेऊन ती उलट हार्पवर बसवता आहात.

या ठिकाणी मास्तरांच्या बोलण्यात वादाचा गाभा सापडतो, आणि त्यांचे म्हणणे येथे मान्य करावे लागते. मेंडेल्सोनच्या चालीचे सौंदर्य एका स्वरक्षेत्रातून दुसऱ्यात जाण्याच्या हालचालीत आहे आणि ती हालचाल ऑर्गनने किंवा चार आवाजांनी व्हावी. हार्पवृंदाने ती केली तर ऐकणाऱ्याचे लक्ष चालीवरून करामतीवर जाते. वेल्स, आयर्लंड किंवा जुन्या इंग्लंडच्या एका थाटात राहणाऱ्या चाली मात्र हार्पवर स्वतःच्या घरी असल्यासारख्या वाजतात. हार्पवृंदाने निवड करताना वाद्य कोणत्या देशातले हे पाहण्यापेक्षा चाल सात तारांत मावते की नाही, हे पाहावे.

उरतो तो शब्दांचा प्रश्न, आणि तो नादाशी जोडलेला आहे. हार्पची तार छेडल्यावर तिचा नाद आपोआप थांबत नाही. तळव्याने किंवा बोटाने तो दाबावा लागतो. एका हार्पवर हे जमते, पण सहा हार्प एकत्र वाजू लागले की मागच्या स्वराची आस पुढच्या स्वरात मिसळते, विशेषतः खर्जात, आणि त्यावर कोणी गात असेल तर व्यंजने बुडतात. अनुभवी रचनाकार म्हणून खर्जाचे काम एका-दोघांकडेच देतात आणि बाकीच्यांना मधल्या व वरच्या सप्तकात विरळ स्वर देतात. बेंजामिन ब्रिटन यांनी १९४२ साली, अमेरिकेहून इंग्लंडला परतताना जहाजावर, मुलांच्या आवाजांसाठी जी कॅरोलमाला रचली तिच्यात साथीला एकच हार्प आहे, आणि मध्ये एक भाग केवळ हार्पचा आहे, ज्यात कोणी गात नाही. मुलांचा आवाज आणि हार्प यांचे इतके स्वच्छ नाते दुसऱ्या रचनेत क्वचित आढळते.

मास्तर : तो भाग ऐकण्याजोगा आहे, हे खरे. पण तेथे हार्प एकटा आहे आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे शब्द आहेत, म्हणून त्याच्या निःशब्द वाजण्याला अर्थ येतो. रोमन कॅथलिक नियमही आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या प्रतीक्षेच्या काळात, वाद्ये संयमाने वाजवावीत असे सांगतात. तुमचा वृंद बसवायचाच असेल तर त्याने कडव्यात मागे राहावे आणि पालुपदात पुढे यावे.

बाई : तेच कॅरोलचे मूळ रूप आहे, मास्तर. कडवे एकाचे, पालुपद फेराचे. हार्पवृंदाने फेर व्हावे.

मास्तर : मग त्याला मराठी गीत द्या. वेल्सचे आणि आयर्लंडचे पुष्कळ झाले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या दुसऱ्या भागात जन्माची कथा आहे, तिच्या ओव्यांना तुमचा हार्प कसा लावाल? ओवीला ठरलेला ताल नाही. म्हणणारा श्वासाप्रमाणे थांबतो, तीन चरण एका अंगाने जातात आणि चौथा आखूड पडतो. मात्रा मोजून वाजणाऱ्या वृंदाला ती धरता येणार नाही.

बाई : मात्रा मोजायच्याच नाहीत. ओवी चालू असताना सर्वांनी हात तारांवर नुसते ठेवायचे, म्हणजे नाद बंद राहील. चौथा चरण पडला की एकाच हार्पने षड्ज-पंचमाची जोडी एकदा छेडायची, म्हणणाऱ्याला पुढची ओवी उचलण्यापुरती.

मास्तर : आणि बाकीचे?

बाई : ते पालुपदाला.

मास्तर : ओवीला पालुपद नसते, बाई.

यावर बाई काही वेळ गप्प राहतात, आणि मग कोणत्या पट्टीत म्हणणार एवढेच विचारतात. मास्तर सांगतात की ओव्या म्हणणाऱ्या बायकांना काळी चार सोयीची पडते. काळी चारचा षड्ज आणि त्याचा पंचम या दोन्ही तारा, हार्प काळी दोनच्या बिलावलात लावलेला असताना, खुल्याच मिळतात. त्यांच्यासाठी एकही कळ हलवावी लागत नाही.